स्पितीचे गोम्पा, सोबत सासूबाई: गटाने जायचं तर कसं जावं?

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी.

मी, नवरा, सासूबाई (वय ६८, रोज सकाळी पर्वती चढतात, गुडघे माझ्यापेक्षा बरे), सोसायटीतली आणखी दोन कुटुंबं आणि शेजारचे दोन निवृत्त शिक्षक असा आमचा गट हिमालयातले बौद्ध मठ बघायला निघायच्या बेतात आहे. शिक्षकांपैकी एक सर चित्रकलेचे. "नुसतं बर्फात लोळायचं असेल तर मी येत नाही, भिंती बघायच्या असतील तर येतो," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

पुण्यातल्या एका टूरवाल्यांचं पत्रक हातात आलंय. "स्पिती: सांस्कृतिक सहल, तज्ज्ञ मार्गदर्शकासह." चंदीगडहून गाडीने मनाली, मनालीहून एका दिवसात काझा, मग ताबो, कल्पा, सिमला आणि परत. काझ्याच्या (स्पितीतलं मुख्य गाव) दिवसाचा कार्यक्रम जसाच्या तसा देते: "सकाळी की मठ, किब्बर गाव, लांगझा, हिक्कीम (जगातील सर्वांत उंच टपाल कार्यालय!), कोमिक, संध्याकाळी बाजारात खरेदी." ताबोसमोर कंसात लिहिलंय, "४५ मिनिटे". सोबत आचारी, रोज वरण-भात-पोळी, एक दिवस श्रीखंड-पुरी.

तर प्रश्न:

१. स्पितीच बरं, की लडाख किंवा भूतान?
२. मार्गदर्शकाचे वेगळे पैसे द्यावेत इतका त्याचा उपयोग होतो का? की वाचून गेलं तरी भागतं?
३. उंचीचा त्रास सासूबाईंना होईल का?

सविस्तर लिहिलंत तर आभारी राहीन.

खंडाळाघाट

स्पिती. डोळे झाकून. आणि त्या काझ्याच्या दिवसाला माझा साष्टांग नमस्कार. पाच ठिकाणं आणि वर खरेदी! गाडीतून उतरायला तरी देणार आहेत का?

चकलीभाजणी

वाचनखूण साठवली. आम्हालाही जायचंय.

कातळवेडा

पर्वतीपायथा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्याच्या उत्तरावर ठरेल. आणि उत्तर लांब होणार आहे. चहा घेऊन बसा.

ताबो बाहेरून बघितलं तर मातीची बसकी घरं. कळस नाही, सोनं नाही, डोंगराच्या टोकावर बसलेला किल्ल्यासारखा थाटही नाही. फोटो काढणारे बिचारे हिरमुसतात आणि "की मठ कधी बघायचा?" म्हणून विचारायला लागतात. पण हा मठ इ. स. ९९६ मधला आहे. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने तो उभारला आणि ४६ वर्षांनी त्याच घराण्यातल्या जांगचुब-ओ याने त्याचा जीर्णोद्धार केला, तशी नोंद आतल्या शिलालेखवजा मजकुरात भिंतीवरच लिहिलेली आहे. त्या काळचा मोठा भाषांतरकार रिंचेन झांगपो (९५८ ते १०५५) याने काश्मीरला जाऊन संस्कृत ग्रंथ आणले, कलाकारही आणले, अशी परंपरा सांगते. त्यामुळे ताबोच्या चित्रांतले चेहरे, दागिने, वस्त्रांवरची नक्षी यांवर काश्मिरी वळण स्पष्ट दिसतं. काश्मीरमध्ये त्या काळची भित्तिचित्रं जवळजवळ उरलेली नाहीत. ती बघायची तर ताबोला किंवा लडाखात अल्चीला जावं लागतं.

मुख्य मंदिराचं दार पूर्वेला. आत गेलात की अंधार. छतातल्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. डोळे सरावायलाच पाच-दहा मिनिटं जातात, म्हणजे पत्रकातल्या ४५ मिनिटांतली ती गेली. मग दिसायला लागतं की भिंतीवर, आपल्या डोक्याच्याही वर, माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती ओळीने बसवलेल्या आहेत. या ओळीतली जमिनीवर एकही नाही, सगळ्या भिंतीला धरून अधांतरी. मधोमध चार दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध. या सगळ्या मिळून एक मंडल, म्हणजे देवतांच्या जागांचा नकाशा होतो, आणि तुम्ही त्या मंडलाच्या आत उभे असता. कागदावर किंवा कापडावर काढलेलं मंडल आपण बाहेरून बघतो, इथे चालत आत शिरतो. हे कुणी सांगितलं नाही तर माणूस "छान मूर्ती आहेत" म्हणून बाहेर येतो. मी तिथे बसलो होतो तेवढ्या वेळात चार गट असेच आले आणि गेले.

मूर्तींच्या खाली चित्रांचा पट्टा आहे. दारातून आत गेल्यावर डावीकडून, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेनेच चालायचं. दक्षिणेच्या भिंतीवर सुधन नावाच्या श्रेष्ठीपुत्राची गोष्ट सुरू होते. तो ज्ञानाच्या शोधात निघतो आणि पन्नासहून अधिक गुरूंकडे जातो: भिक्षू, राजे, नावाडी, सुगंधी द्रव्यं विकणारा, लहान मुलं, एक गणिकासुद्धा. आपल्याकडे अवधूताचे चोवीस गुरू आहेत ना, त्याच जातकुळीची कथा. तुमच्या सासूबाईंना एवढं सांगा, पुढचं त्या स्वतः वाचतील. उत्तरेच्या भिंतीवर बुद्धचरित्र. म्हणजे प्रदक्षिणा पुरी करायची तर आधी सुधनाबरोबर चालायचं, मग बुद्धाबरोबर. भिंतीचा क्रम आणि पायांचा क्रम एकच ठेवलाय. चित्रकलेच्या सरांना इथे अर्धा दिवस सोडा. त्यांना ४५ मिनिटांत बाहेर ओढलंत तर ते परतीच्या प्रवासात तुमच्याशी बोलणार नाहीत.

तेव्हा मार्गदर्शक हवा का? हवा. पण तो या भिंतीसमोर उभा राहून बोलू शकणारा हवा. डोंगरांची उंची आणि हॉटेलची वेळ सांगणारा तर ड्रायव्हरही असतो, आणि बहुतेकदा जास्त चांगलं सांगतो. वाचून जाण्याने फायदा होतोच, मात्र अंधारात पुस्तक उघडता येत नाही आणि आत फोटोही काढता येत नाहीत, की हॉटेलवर येऊन निवांत ताडून बघावं. जे कळायचं ते तिथेच.

ताबोला "हिमालयातलं अजिंठा" म्हणतात. जरा स्वस्तातली उपमा आहे, दोन्हींत पाचशे वर्षांचं अंतर आहे आणि पंथही वेगळा. तरी मराठी माणसाला तिने उभं राहायला एक जागा मिळते, म्हणून चालवून घेतो.

खंडाळाघाट

दंडवत घ्या. आता कळलं मी ताबोत जाऊन काय बघितलं नाही ते.

डॉ_थर्मामीटर

कातळवेडांनी भिंती सांगितल्या, मी फुप्फुसं सांगतो.

पर्वतीपायथा, तुमच्या पत्रकातला मार्ग उलटा आहे, आणि तो आधी बदला. मनाली २००० मीटरच्या आसपास. तिथून एका दिवसात कुंझुम खिंड (साडेचार हजार मीटरच्या वर) ओलांडून काझ्याला (सुमारे ३६५० मीटर) मुक्काम. शरीराला सवय व्हायला एक रात्रही मिळत नाही. पंचविशीतली धडधाकट मुलं त्या रात्री काझ्यात डोकं धरून बसलेली असतात.

सिमल्याकडून जा. सराहन, मग कल्पा (२९६० मीटर), मग नाको किंवा थेट ताबो (३२८०), मग काझा. नाको साडेतीन हजारांच्या वर आहे, त्यामुळे तिथे मुक्काम टाळून फक्त थांबलात तर उत्तम. सर्वसाधारण नियम असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला आलात तर बरंच.

सासूबाई पर्वती चढतात ही चांगली गोष्ट, पण उंचीचा त्रास तंदुरुस्ती बघून येत नाही. रोज जिम करणाऱ्याला होतो आणि दम्याच्या आजीला होत नाही, असंही बघितलंय. रक्तदाब, साखर, हृदय यांची तपासणी निघायच्या महिनाभर आधी करा, आदल्या आठवड्यात नको. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, आपल्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. डोकेदुखी, मळमळ झाली तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर वाद न घालता खाली उतरायचं, रात्र असली तरी. गटातल्या प्रत्येकाला हे पाठ पाहिजे, कारण ज्याला त्रास होतो तोच सगळ्यात जास्त "मला काही झालं नाही" म्हणत असतो.

पर्वतीपायथा

डॉक्टर, टूरवाल्यांना विचारलं होतं. "मॅडम, ऑक्सिजन सिलिंडर गाडीत असतो" म्हणाले.

डॉ_थर्मामीटर

सिलिंडर खाली उतरेपर्यंत वेळ काढायला असतो. त्याच्या जिवावर वर चढायचं नसतं.

भटकभवानी

तिन्ही ठिकाणी जाऊन आले आहे म्हणून पहिल्या प्रश्नाला हात घालते.

लडाख: विमानाने लेहला उतरलात की पहिल्याच पावलाला ३५०० मीटर. पहिले दोन दिवस खोलीत पडून काढायची तयारी हवी. मठ मात्र एकाहून एक. थिकसे, हेमिस, लामायुरू, आणि कातळवेडांनी म्हटलेलं अल्ची. दिस्कितला नुब्रा खोऱ्याकडे तोंड करून बसलेला मैत्रेयाचा ३२ मीटर उंच पुतळा नवा आहे, त्यालाच लोक जुना समजून नमस्कार करतात. पण आता लेहमध्ये गर्दी एवढी की सप्टेंबरातही लक्ष्मी रोड आठवतो.

भूतान: सगळ्यात नीटनेटकं. दरीत भातशेती, वर जंगल, मध्ये पांढऱ्या भिंतींचे झोंग, म्हणजे किल्लेवजा मठ. पुनाखाचा झोंग दोन नद्यांच्या संगमावर, सतराव्या शतकातला. फोबजिखा खोऱ्यात ऑक्टोबरच्या शेवटापासून काळ्या मानेचे क्रौंच उतरतात, ते बघायला मी पुन्हा जाईन. भारतीयांना माणशी दर रात्री १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, हॉटेल-जेवण वेगळं. तक्तसांगला, म्हणजे त्या कड्यावरच्या वाघाच्या गुहेच्या मठात, चढून जावं लागतं, तो दरीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे. सासूबाईंची पर्वती इथे कामाला येईल. १९९८ मध्ये तो जळाला होता, आता दिसतो तो पुन्हा बांधलेला.

स्पिती: रस्ता वाईट, हॉटेलं साधी, शेवटच्या टप्प्यात हाडं खिळखिळी. पण हजार वर्षं जुनी भिंत बघायची असेल तर सरांना घेऊन इथेच. भूतानमध्ये उत्सव बघावा, लडाखमध्ये आकार, स्पितीत चित्रं. माझं आपलं मत. हलकेच घ्या.

निवांतनाना

आचारी सोबत घेऊन हिमालयात जाणाऱ्यांची मला गंमत वाटते. श्रीखंड-पुरी खायला चितळे काय वाईट आहेत? तिकडे गेलात तर थुक्पा (नूडल्सचं सूप) खा, तिंगमो (वाफवलेला पाव) खा, जवाचं सत्तू खा. घरोघरी लोणी घातलेला खारा चहा देतील तो प्या. तोसुद्धा संस्कृतीतच मोडतो की नाही? की ती फक्त भिंतीवरच असते?

चकलीभाजणी

नाना, तुम्हाला साखर नाही ना? माझ्या आईला आहे. वेळेवर आणि ओळखीचं जेवण मिळालं नाही तर तिची साखर घसरते आणि मग सगळ्यांची सहल तिथेच संपते. आचारी असलेल्या टूरमुळेच आमच्या पिढीच्या कितीतरी बायका घराबाहेर पडल्या, नाहीतर "तिकडे काय खाणार?" या एका प्रश्नावर नवऱ्यांनी बसवून ठेवल्या असत्या. थुक्पा चवीला एकदा ठीक.

निवांतनाना

मान्य. बायकांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. खाऱ्या चहावर मात्र ठाम आहे.

भटकभवानी

मधला रस्ता: काझा, ताबोतल्या होमस्टेत डाळ-भात, राजमा, पोळी सगळीकडे मिळते. आचारी नसला तरी कुणी उपाशी राहत नाही. आणि आचाऱ्याचा खरा तोटा वेगळाच. त्याचा टेम्पो जिथे लागू शकतो तिथेच गट उतरतो, आणि जेवणाच्या वेळेला गट तिथे परतलाच पाहिजे. धनकरच्या मठात दुपारी दोनला ऊन भिंतीवर येतं तेव्हा आपण तीस किलोमीटर लांब वरण वाढून घेत असतो.

देहूरोडकर

बराच वेळ वाचतोय. एक वेगळा मुद्दा मांडतो, कुणाला उद्देशून नाही.

आमच्याकडे देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्ती बसली. त्या विहाराच्या आसपास आम्ही वाढलो. आईला घेऊन स्पितीला गेलो तेव्हा तिच्यासाठी ते 'साईट सीईंग' नव्हतं. ताबोच्या नव्या मंदिरात ती हात जोडून उभी राहिली आणि नेहमीच्या चालीत त्रिसरण-पंचशील म्हणायला लागली. तिथे एक वयस्कर लामा दिवे पुसत होते. त्यांनी काम थांबवून पूर्ण ऐकलं आणि मग तिबेटीत स्वतःचं सरण म्हणून दाखवलं. आमच्या मार्गदर्शक मुलाने समजावलं की त्यांच्यात बुद्ध, धम्म, संघ यांच्या आधी गुरूला शरण जातात, म्हणून ते चार होतात. आई लगेच म्हणाली, "हे आपल्यात नाही." भांडली नाही, फक्त नोंद केली. पुढे रौद्र रूपातल्या मूर्ती बघून तर तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "हे खरंच बुद्धाचंच आहे का रे?" त्या मुलाने तेही टाळलं नाही. वज्रयानात, म्हणजे तिबेटी बौद्ध परंपरेत, राग, भीती यांचंच रूप घेऊन त्यांना कसं वळवतात ते सांगितलं. तिला पटलं नाही. पण काझ्यापर्यंत गाडीत दोघांची चर्चा चालू होती, आणि मला वाटतं सहलीतले सगळ्यात चांगले दोन तास तेच.

मुद्दा असा की मार्गदर्शक "हा शक्तीचा देव, ही लक्ष्मी समजा" अशा थाटात सांगणारा असेल तर नकोच. आमच्याच वेळी शेजारच्या गटाला एक गृहस्थ असंच सांगत होते. तारा म्हणजे दुर्गा, महाकाल म्हणजे आपला शंकर. लोक खूश, कारण सगळं ओळखीचं निघालं. मग इतक्या लांब यायचं कशाला?

दुसरं म्हणजे पूजा चालू असताना आत बोलू नका. बसा किंवा बाहेर जा. टोपी, चपला बाहेर. गाभाऱ्यातल्या दिव्यांवरून हात फिरवायची सवय आवरा. चित्रांना बोट लावू नका, "हे कसलं मटेरियल आहे" म्हणून नखाने खरवडून बघणारा माणूस मी याचि डोळा पाहिलाय.

कातळवेडा

देहूरोडकर, तारा-दुर्गेबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त महाकालाचं थोडं गुंतागुंतीचं आहे. त्या नावाची आणि रूपाची शैव परंपरेशी देवाणघेवाण झालेलीच आहे. पण "समजा" म्हणून मोकळं होणं आणि देवाणघेवाण कशी झाली ते सांगणं, या दोन्हींत मार्गदर्शकाची परीक्षा होते. आईंचा प्रश्न फार नेमका आहे. अभ्यासकांनाही तो सुटायला वेळ लागला.

पर्वतीपायथा

देहूरोडकर, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी विचारलंय की तो मुलगा कुठला होता?

देहूरोडकर

पिन खोऱ्यातला. शिकायला चंदीगडला होता, उन्हाळ्यात गटांबरोबर फिरतो. नाव-नंबर इथे देत नाही, त्याला विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पिन खोऱ्यातल्या कुंगरीचा गोम्पा न्यिंगमा पंथाचा. ताबो, की, धनकर हे गेलुग. कोमिकचा साक्य. एवढ्याशा खोऱ्यात तीन पंथ नांदतात. तो मुलगा स्वतः न्यिंगमा घरातला, त्यामुळे कीला गेल्यावर "इथे आमच्यापेक्षा वेगळं काय" ते सांगताना रंगात येई. पत्रकात पिन खोरं आहे का बघा. बहुतेक पत्रकांत नसतं, कारण तिथे जाऊन-येऊन दिवस जातो आणि यादीत एकच नाव वाढतं.

खंडाळाघाट

मग टूरवाल्यांना विचारायचं काय? "तज्ज्ञ मार्गदर्शक" तर सगळेच छापतात.

कातळवेडा

मी तीन गोष्टी विचारतो. मार्गदर्शक कुठला आहे? स्पितीचा असेल तर निम्मं काम झालं, कारण त्याला दार उघडणारे भिक्षू ओळखतात, आणि किल्ली कुणाकडे आहे हा तिथला नेहमीचा प्रश्न असतो. लालुंगसारख्या छोट्या गावात तर किल्लीवाला शेतात असला तर हाक मारून आणावा लागतो. दुसरं, तो सगळ्या प्रवासात बरोबर आहे की फक्त काझ्यात एक दिवस? आणि तिसरं, ताबोत मुक्काम आहे का? मुक्काम असेल तर पहाटेच्या प्रार्थनेला बसता येतं आणि गर्दीच्या आधी मुख्य मंदिरात जाता येतं. या तिसऱ्या प्रश्नावर समोरचा "तिथे बघायला एवढं काही नाही हो" म्हणाला, तर फोन ठेवा.

धनकरबद्दल थोडं: स्पितीची जुनी राजधानी. मातीच्या सुळक्यांवर, स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमाच्या वर. २००६ मध्ये जागतिक पातळीवरच्या धोक्यातल्या शंभर वारशांच्या यादीत त्याचं नाव होतं. जुनी इमारत नाजूक आहे, थोड्या थोड्या लोकांनी आत जायचं. मोठ्या गटाने गेलात तर निम्मे बाहेर उन्हात उभे राहतात, हे टूरवाले सांगत नाहीत. की मठ थोरला आहे, देखणा आहे, १८४१ मध्ये डोग्रा सैन्याने लुटला, १९७५ च्या भूकंपात हादरला, तरी उभा आहे. पण त्याची खरी मजा समोरच्या रस्त्यावरून. आत चहा देतात, तो प्या आणि निघा.

चकलीभाजणी

अवांतर: लांगझाला म्हणे शाळिग्राम मिळतात?

कातळवेडा

अमोनाइटचे जीवाश्म. हिमालय उठायच्या आधी तिथे टेथिस समुद्र होता, त्यातले शंखवाले जीव. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्रामही तोच प्रकार. पोरं हातात घेऊन विकायला येतात. घेऊ नका. त्या गावाचं तेवढंच वेगळेपण आहे, आणि ते पिशव्यांतून खाली उतरतंय.

भटकभवानी

तयारीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. निघायच्या आधी एका रविवारी गटाला भाजे-कार्ल्याला न्या. पुणे-लोणावळा लोकलने मळवली, तिथून भाजे चालत. कार्ल्याला एकवीरेच्या भक्तांची गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर.

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरताना छताकडे बघा, लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत. दोन हजार वर्षांचं लाकूड! दात्यांनी आपापली नावं कोरून ठेवली आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने तर हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह आहे असं लिहूनच ठेवलंय. समोर बुद्धाची मूर्ती नाही, स्तूप आहे. त्याला प्रदक्षिणा घाला. मग काही आठवड्यांनी ताबोत प्रदक्षिणा घालाल तेव्हा पायांना दोन्हींतला फरक कळेल. इथे रिकामा कातळ आणि एकच स्तूप, तिथे भिंतभर देवता. मधल्या हजार वर्षांत काय काय झालं हा प्रश्न आपोआप पडतो, आणि मार्गदर्शकाला विचारायला तुमच्याकडे काहीतरी असतं.

निवांतनाना

आणि परत येताना लोणावळ्याची चिक्की. आचारी लागत नाही.

डॉ_थर्मामीटर

महिन्याबद्दल: स्पिती पर्जन्यछायेत, पण तिथे जायचा किन्नौरचा रस्ता नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात. सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. किन्नौरात सफरचंदं, वर जवाची कापणी. आणि शेवटी एक-दोन दिवस मोकळे ठेवा. परतीचं विमान काझ्यातून निघाल्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका.

पर्वतीपायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

घडामोडी: टूरवाल्यांना कातळवेडांचे तिन्ही प्रश्न विचारले. मार्गदर्शक मनालीचा, काझ्यात एकच दिवस. ताबोत मुक्काम नाही, "तिथे गिझर नसतो मॅडम". मार्ग उलटा करायला तयार नाहीत, गाड्यांचं तसं ठरलेलं असतं म्हणाले. मग काल रात्री सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक झाली. दोन घरं त्याच टूरबरोबर जायचं म्हणतायत, त्यांना आचारी हवाय, आणि चकलीभाजणींचं वाचल्यावर मी काही बोलले नाही. आम्ही बाकीचे एक टेम्पो ट्रॅव्हलर करून सिमल्याकडून जातोय. मुक्काम: सराहन, कल्पा, ताबो (दोन रात्री), काझा. काझ्याहून एक दिवस पिन, एक दिवस की मठ आणि लांगझा. हिक्कीमला टपाल टाकायचं खूळ नवऱ्याच्या डोक्यात आहे, ते लांगझाच्या दिवशीच उरकू. खरेदी रद्द.

देहूरोडकर, व्यनि मिळाला, त्या मुलाशी बोलले. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "गटात किती जणांना गुडघेदुखी आहे?" मला आवडला.

आता एकच वाद शिल्लक आहे. परतताना कुंझुम ओलांडून मनालीकडे उतरायचं की आल्या वाटेने सिमल्याला? नवऱ्याला चंद्रताल तलावाजवळ तंबूत राहायचंय.

भटकभवानी

काझ्यापर्यंत सगळे ठीक असतील तर कुंझुमवरून उतरा. लोसरच्या पुढे ग्रांफूपर्यंत रस्ता रस्ता नाही, पण पुढे अटल बोगदा लागला की तासाभरात मनाली. आल्या वाटेने परत जायचं म्हणजे किन्नौरचे सगळे घाट पुन्हा.

डॉ_थर्मामीटर

तोवर काझ्यात मुक्काम झालेले असतील, तेव्हा उंचीची सवय झालेली असेल. पण चंद्रताल ४२५० मीटरच्या आसपास, रात्री कडाक्याची थंडी आणि जवळपास दवाखाना नाही. दिवसा बघा, तासभर थांबा, पुढे निघा. तंबूत राहण्याची हौस नवऱ्याने पानशेतला भागवावी.

पर्वतीपायथा

वाचून दाखवलं. सासूबाई डॉक्टरांच्या बाजूने आहेत, त्यामुळे विषय मिटला. कार्ल्याला या रविवारी जातोय, पहिल्या लोकलने. कुणाला यायचं असेल तर शिवाजीनगरला फलाट क्रमांक बघून डब्याच्या पुढच्या टोकाला भेटा.